जुना रेडिओ शूटिंगला द्यावा का?

जुना रेडिओ, स्पूलचा टेपरेकॉर्डर किंवा लाकडी कॅबिनेटचा टीव्ही कुणी नाटकाला, शूटिंगला मागितला की संग्राहक मंडळी लगेच सांगतात, "देऊ नकोस, वाट लावतील." माझं मत उलट आहे. जरूर द्यावा. पण वस्तू एकटी पाठवू नये. तिची खोड माहीत असलेला माणूस सोबत जायलाच हवा, आणि निर्मात्यांनीही तो आग्रहाने बोलवावा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका शूटिंगला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ दिला होता. परत आला तेव्हा कॅबिनेटवर ओरखडा नाही, बटणं जागच्या जागी. संध्याकाळी डायलचा दिवा लावला तर काच कोरी! लंडन, पॅरिस, हिल्व्हर्सम, स्टेशनांची सगळी नावं गेलेली. क्लोजअपला काच चकचकीत दिसावी म्हणून कुणीतरी मागचं कव्हर काढून ती आतून स्पिरिटने पुसली होती. ही अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात, जुनी झाली की नुसत्या ओल्या फडक्यानेही सुटतात. पुसणाऱ्याने काम मन लावून केलं होतं, त्याला अडवणारं तिथे कुणी नव्हतं. काटा अजून फिरतो, कोऱ्या काचेवरून.

दुसरा हट्ट असतो "जरा चालू करा ना" असा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावला तर आतले जुने कपॅसिटर शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर नसलेल्या कित्येक सेटमध्ये चासीच, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, घरातल्या विजेला थेट जोडलेली असते. बटणाची टोपी निघाली आणि नटाचा घामेजलेला हात उघड्या दांड्याला लागला तर? म्हणून मी वायर आतून तोडूनच देतो. डायलमागे बॅटरीवरचा एलईडी, कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर, आणि आवाज साउंडवाल्याच्या ताब्यात. नाटकात याचा मोठा फायदा आहे, कारण आवाज प्रेक्षागृहाच्या भिंतींवरून न येता रेडिओतूनच येतो.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं दुखणं वेगळं. 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चित्र उमटवणारा, सेट सेकंदाला 24 फ्रेमवर शूट केला की पडद्यावर पट्टा सरकत राहतो. कॅमेरा 25 वर आणून शटर 1/50 सेकंद ठेवलं की चित्र स्थिर होतं. हे आदल्या दिवशी ठरवायला हवं, लाइट लावून झाल्यावर नाही.

आणि कृपा करून साल विचारा. कॅसेट 1963 ची, वॉकमन 1979 चा, खिशातला ट्रान्झिस्टर 1954 नंतरचा. महायुद्धाच्या प्रसंगात तो ठेवलेला दिसला की माझं पुढच्या संवादाकडे लक्षच राहत नाही.

सोबत माणूस असला की काय होतं, तेही सांगतो. एका तालमीत नट बटण फिरवायचा आणि लगेच बातम्या सुरू. मी दिग्दर्शकांना म्हटलं, व्हॉल्व्ह तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. आधी टक्, मग डायल उजळतो, मग काहीच नाही, मग बारीक गुणगुण, आणि त्यातून हळूहळू वर येणारा आवाज. त्यांनी तसं करून बघितलं. नटाने बटण फिरवलं, खुर्चीपर्यंत गेला, बसला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागला. चष्मा डोळ्यांवर चढला तेव्हा बातमी आली. तालमीच्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. त्या पंधरा सेकंदांना प्रयोगात आजवर कात्री लागलेली नाही.