ओळी कमी झाल्या म्हणून अट सोपी होत नाही

इंदूरच्या मराठी प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रूबी या प्रोग्रामिंग भाषेत इफ-एल्सइफची (अट खरी तर हे, नाहीतर ते) लांबण लावणारा कच्चा. सगळं टर्नरीत, म्हणजे 'अट ? हे : ते' अशा एका ओळीत आणा. निल, म्हणजे 'काहीच नाही' हे मूल्य, तपासत बसू नका, &. लावा. केस-व्हेन (शक्यतेनुसार फांद्या करणारी रचना) काढून हॅश (की, म्हणजे नाव, आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा तक्ता) घाला. && आणि || (आणि, किंवा) या चिन्हांऐवजी 'अँड', 'ऑर' हे शब्द लिहा. रुबोकॉप, म्हणजे कोडमधले दोष दाखवणारं साधन, गप्प झाला की काम झालं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत नुकती नोकरीला लागलेली मुलं हे वाचून चालता कोड बदलायला घेतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी टर्नरी. समजा, एका नमकीनवाल्याचं बिलिंग आहे. बिल ५०० रुपयांच्या वर आणि पत्ता शहरातला, किंवा ग्राहक जुना आणि उधारी शून्य, तर घरपोच फुकट. टर्नरीत टर्नरी कोंबली तरी यातला एकही प्रश्न कमी होत नाही, फक्त वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. सोपं होतं ते नाव दिल्यावर. रूबीत मेथडच्या, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, नावाशेवटी प्रश्नचिन्ह चालतं. तेव्हा 'मोठं_बिल_शहरात?' आणि 'भरवशाचा_ग्राहक?' अशा दोन छोट्या मेथड करा, आणि मूळ अटीत त्या दोघींमध्ये फक्त || राहू द्या. उद्या मालक म्हणाला की ५०० चे ७५० करा, तर हात एकाच जागी घालायचा. ऑर्डर रद्द असेल तर पहिल्याच ओळीत रिटर्न करून मोकळं व्हा. पुढचा सगळा कोड एक पायरी डावीकडे सरकतो.

&. बद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. रूबी २.३ मध्ये, २०१५ च्या डिसेंबरात, हे चिन्ह आलं. डावीकडे निल असेल तर ते मेथड न बोलावता निलच परत देतं, आणि योग्य जागी ते उत्तमच आहे. पण 'अनलेस ग्राहक&.ब्लॉक्ड?' ही ओळ नीट बघा. ग्राहक सापडलाच नाही तर उत्तर येतं निल. रूबीत निल आणि फॉल्स हे दोनच खोटे, आणि अनलेस म्हणजे 'अट खोटी असेल तरच', म्हणून त्याच्या आतला कोड चालतो आणि ज्याचा पत्ताच नाही अशा ग्राहकाच्या नावे माल निघतो. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. उलट 'ग्राहक&.उधारी > ५००' मध्ये ग्राहक निल असेल तर नो-मेथड एरर तरी येते. निलला > माहीत नाही. निल म्हणजे काय समजायचं, हा निर्णय धंद्याचा आहे. तो इफ लिहूनच घ्या.

हॅशचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. शहरानुसार दर असेल तर हॅश छानच, फक्त चौकोनी कंसाऐवजी फेच वापरा, म्हणजे नसलेली की मागितल्यावर मुकाट्याने निल न येता की-एरर येईल. पण केस-व्हेन आतून === ('हे त्यात बसतं का' ही तपासणी) वापरतं, त्यामुळे त्याला रेंज (आकड्यांचा पट्टा), क्लास (वस्तूचा प्रकार), रेजेक्स (मजकुराचा नमुना) सगळं ओळखता येतं. साध्या हॅशला ते जमत नाही. शिवाय हॅशमध्ये किमतींच्या जागी मेथड कॉल लिहिलेत तर हॅश बनतानाच ते सगळे चालतात. केसमध्ये लागू पडलेली फांदीच चालते. मेथड मेल पाठवणारी असेल तर काय होईल याचा विचार करा.

'अँड', 'ऑर' वाचायला गोड, पण नियम वेगळा. && हे || पेक्षा घट्ट बांधतं, म्हणजे त्याची जोडी आधी बनते; शब्दांतले दोघे मात्र समान पातळीचे, डावीकडून उजवीकडे जाणारे. 'ट्रू || फॉल्स && फॉल्स' चं उत्तर ट्रू. तेच शब्दांत लिहिलं की फॉल्स. वरच्या घरपोचाच्या अटीत ही अदलाबदल केलीत तर मोठं बिल देणाऱ्या, पण उधारी असलेल्या ग्राहकाला डिलिव्हरीचे पैसे लागतील.

राहिला रुबोकॉप. त्याची सायक्लोमॅटिक मर्यादा, म्हणजे एका मेथडमध्ये किती वाटा फुटाव्यात याची मर्यादा, डिफॉल्ट ७ आहे, आणि तो टर्नरी, &&, || हे सगळं मोजतो. एका ओळीत दाबून आकडा उतरत नाही.

आणि कुठलीही अट हलवण्याआधी टेस्ट. आपल्या उदाहरणात होय-नाहीच्या चार अटी, म्हणजे १६ जोड्या. त्या आधी जुन्या कोडवर चालवा, उत्तरं नोंदवा, आणि मगच कात्री हातात घ्या.