पेढे कशाचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या लेखनगटातल्या एका ताईंचं पत्र रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून आलं, त्याचे पेढे आम्ही बैठकीत खाल्ले आणि मी ते कौतुकाने इथे लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’चा प्रकार आहे, पत्राला पेढे वाटणारे उद्या बारशाच्या पत्रिकेचाही प्रकाशन सोहळा करतील, मराठीत पूर्वी अशी कौतुकमंडळं नव्हती, ‘सत्यकथा’ मासिक कथा साभार परत करायचं आणि त्यातून लेखक घडायचे. आणि शेवटी विचारलंत, तुमच्या गटात कुणी कुणाला ‘हे वाईट झालंय’ असं कधी म्हणतं का?

बारशाच्या पत्रिकेवर मी मनापासून हसले. बाकीच्याबद्दल बोलू.

आधी ते पत्र. पुरवणीत जात्यावरच्या ओव्यांवर लेख आला होता. त्यातली एक ओवी ताईंच्या आजीच्या तोंडी जरा वेगळी होती, तेवढं कळवायचं होतं. पहिला खर्डा आला तो फुलस्केपची तीन पानं. त्यात आजी, आजीचं माहेर, सोप्यातलं जातं, गावात पिठाची गिरणी आली तो दिवस, हल्लीच्या मुलींना कशाचीच किंमत नाही, सगळं होतं. ओवी तिसऱ्या पानावर. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पेन्सिलीने ओवीभोवती चौकट आखली आणि म्हणाले, “एवढंच पाठवलं तर काय बिघडेल?” ताईंना राग आला. (तो अजून पुरता गेलेला नाही.) पण पुढच्या बैठकीला त्या जे घेऊन आल्या त्यात ओवी, ती कुठल्या गावची, दुसरी ओळ कशी फिरते आणि त्याने अर्थ कुठे जातो, एवढंच उरलं होतं. आजी एका वाक्यात. ते जसंच्या तसं छापून आलं, स्वल्पविरामही हलला नाही. तीन पानांचं अर्धं पान करताना ताईंना किती कष्ट पडले हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून पेढे गोड लागले.

आता कौतुकमंडळं पूर्वी नव्हती, हे काही खरं नाही. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं ते मुळात रविवारी चहाला जमून एकमेकांच्या कविता ऐकणाऱ्या मित्रांचंच. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, घाटे, माडखोलकर, श्री. बा. आणि मनोरमाबाई रानडे ही त्यातली मंडळी. एकमेकांचं कौतुक करत, स्वतःच संग्रह काढत, कविता गाऊन दाखवत गावोगाव फिरत. त्यांच्यावर टीका झाली ती थेट तुमच्याच सुरातली, आणि अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहात त्यांची जी टर उडवली ती आजही वाचून हसू येतं. पुढे काय झालं? जूलियन १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, माडखोलकर १९४६ साली बेळगावला, यशवंत १९५० साली मुंबईत, घाटे १९५३ साली अहमदाबादला. आणि मध्येच, १९४२ साली नाशिकला, खुद्द अत्रे. टर उडवणारा आणि ज्यांची उडवली त्यांतले चौघं, एकाच खुर्चीत बसून गेले. आमच्या बैठकीतून कुणी संमेलनाध्यक्ष निघेल अशी मला बिलकूल आशा नाही, गैरसमज नसावा. चहा पिऊन कविता सुधारते असंही मी म्हणत नाही. पण कौतुक केलं म्हणून ती मंडळी बिघडली नाहीत, एवढं तरी मान्य कराल.

‘सत्यकथे’चा मुद्दा मात्र वजनाचा आहे, आणि माझं खरं म्हणणं तिथेच आहे. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत, हे खरंच. पण ते लेखकाला पत्रंही लिहीत. कथा कुठे ढिली पडली, शेवट का पटत नाही, हे सांगत. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. परत आलेल्या कथेसोबत निदान कुणीतरी ती वाचल्याचा पुरावा यायचा. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली. आज नव्या कथालेखकाला मोठं दार उरलंय ते दिवाळी अंकांचं, ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली उघडलेलं. पावसाळ्यात आवाहन येतं: युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, शब्दमर्यादा अमुक, निवडीबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही. मग सामसूम. अंक बाजारात आले की स्टॉलवर उभ्या उभ्या अनुक्रमणिका चाळायची. नाव नसलं तर कथा आवडली नाही, की पानं जाहिरातींना गेली, की ईमेल उघडलाच गेला नाही, कळायला मार्ग नाही. तीच कथा दुसरीकडे पाठवावी तर हंगाम संपलेला. गेलं वर्ष.

संपादकांना मी बोल लावत नाही. कितीतरी अंक एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून काढतो, आणि त्याचा निम्मा जीव जाहिराती गोळा करण्यात जातो. त्याने शेकडो लोकांना पत्रं कधी लिहायची? पण मग तुम्ही ज्याला लेखक घडवणं म्हणता ते काम कुणी करायचं? आम्ही ते आपसात, आमच्या कुवतीप्रमाणे करतो. टीका खर्ड्यावर, कारण तिथे अजून काही बदलता येतं. छापून आल्यावर पेढे, कारण तेव्हा ‘मधला परिच्छेद लांबला’ हे सांगून कुणाचं भलं होणार? आणि पेढ्यांबरोबर जी माहिती येते ती कुठल्याच आवाहनात छापलेली नसते: कोण ईमेलला उत्तर देतं, कोण मानधन खरोखर पाठवतं, कोण लेखकाच्याच गळ्यात दहा प्रती मारतं. नवख्या माणसाला ही यादी एखाद्या कार्यशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सगळ्यालाच पेढे नसतात, बरं का. प्रवेशशुल्क भरा आणि सन्मानचिन्ह घेऊन जा, अशा स्पर्धांची बातमी आमच्याकडे सांगायची नाही असा दंडक आहे. स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकावर दरवेळी वाद होतो आणि दरवेळी तो अर्धवट राहतो. राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान मिळालं तर मात्र जोरात, कारण तिथे हस्तलिखित परक्या माणसाच्या नजरेखालून जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फुलांच्या आणि टाळ्यांच्या चित्रांबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. मलाही त्यांचा वैताग येतो.

राहिला शेवटचा प्रश्न, ‘हे वाईट झालंय’ असं आम्ही म्हणतो का? म्हणतो की. मागच्याच बैठकीत एका मुलीने कथा वाचली. बँकेत आहे ती, रोखपाल. कथा दुपारी बंद होणाऱ्या काउंटरवरच्या एका म्हाताऱ्या पेन्शनरची. तीन जणांनी तीन वेगळ्या शब्दांत सांगितलं की म्हातारा खोटा वाटतो, त्याला फक्त दयाळू व्हायला आणलंय. मी म्हटलं, पहिली दोन पानं काढून टाक, कथा नोटा मोजण्याच्या यंत्रापाशी सुरू होते. तिने वाद घातला, मग पानांच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं आणि चहा न पिताच गेली. परवा नवा खर्डा आला. म्हातारा आता बराच खवट झालाय आणि खोट्या नोटेवरून तिच्याशी भांडतो. शेवट अजून जमलेला नाही, असं माझं मत.

पुढच्या बैठकीत तोच घ्यायचा आहे. तिची परवानगी मी विचारली आहे, ती हो म्हणाली. तुमचा ईमेल कळवलात तर खर्डा तुम्हालाही पाठवते. शेवटाचं काय करावं ते शनिवारच्या आत लिहा, म्हणजे बैठकीत वाचून दाखवता येईल.