एवढ्याशा खारीसाठी एवढी तयारी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात खारींच्या शिकारीच्या हंगामाआधी काय काय करून ठेवावं, या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: अर्ध्या किलोच्या जनावरासाठी महिनाभर तयारी म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं, रायफलचा झिरो (ज्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागावी असं बसवतात ते अंतर) ५० यार्डांवर सांगितला तो चूक, २५ वरच हवा, खारी दारात दिसतात, त्यांना रानात शोधायचं काय, सप्टेंबरातल्या खारीत अळ्या असतात, थंडी पडेपर्यंत तिला हात लावू नये, आणि एच-१बी व्हिसावाल्याला बंदूक बाळगताच येत नाही, मग लेख कुणासाठी? जाता जाता रामाच्या सेतूवरच्या खारीचीही आठवण करून दिलीत.

तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे वाद घालण्यासारखं फार नाही. ज्यांना शिकार पटत नाही त्यांना पटवायचा माझा उद्योग नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिथे हा विषयच संपला. ओहायोत १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी हा हंगाम असतो आणि दिवसाला सहा खारींची मर्यादा असते. मारायचीच तर ती एका गोळीत जागच्या जागी मरावी, जखमी होऊन ढोलीत शिरून तडफडू नये, एवढं तरी तुम्हालाही मान्य असेल. महिनाभराची तयारी त्यासाठीच आहे. हरणाच्या छातीवर नेम धरताना आठ इंचांची जागा मिळते, खारीच्या डोक्यावर जेमतेम इंच-सव्वा इंच. जनावर लहान म्हणून तयारी थोडी, हा हिशेबच उलटा आहे.

आता झिरो. पॉइंट टू टू लाँग रायफल या बारक्या काडतुसाची ४० ग्रेन वजनाची हाय व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला सुमारे १,२३५ फूट वेगाने निघते. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, नळीच्या मध्यापासून दीड इंच वर बसवला आहे असं धरू. ५० वर झिरो केला तर २५ यार्डांवर गोळी नेमापेक्षा जेमतेम एक दशांश इंच वर लागते, ३५ च्या आसपास सुमारे पाव इंच वर. २५ वर झिरो केला तर ५० वर पाव इंच खाली. म्हणजे तुमचा २५ चा झिरोही चालतो, भांडण्याइतका फरक त्यात नाही. खरी गोम १० यार्डांवर आहे. तिथे दोन्ही झिरोंत गोळी नेमापेक्षा पाऊण इंच खाली लागते, कारण ती अजून स्कोपच्या रेषेपर्यंत चढलेलीच नसते. खार अगदी समोरच्या खोडावर येते, माणूस डोक्यावर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) ठेवतो, आणि गोळी जबड्याला चाटून जाते. हंगामाआधी कागदावर १०, १५, २५, ३५ आणि ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्या मारून पाहा आणि किती वर-खाली लागतात ते चिकटपट्टीवर लिहून बटस्टॉकवर (खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर) लावा.

बहुतेकांची गल्लत क्लिक, म्हणजे स्कोपचा नेम सरकवायच्या चकतीचे टप्पे, मोजताना होते. स्कोपवर एका क्लिकला पाव इंच लिहिलेलं असतं, पण ते १०० यार्डांसाठी. ५० वर एक इंच सरकवायला आठ क्लिक लागतात आणि २५ वर सोळा. चार क्लिक फिरवून ‘स्कोप बिघडला’ म्हणणारे रेंजवर हमखास भेटतात. बिघाड असलाच तर आधी माउंटचे स्क्रू तपासा. आणि स्कोप मोठ्या रायफलचा असेल तर त्याचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांना बांधलेला असतो; २५ वर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखा दिसतो. रिमफायर (पॉइंट टू टूसारख्या छोट्या काडतुसांचा) स्कोप ५० यार्डांना बांधलेला असतो, खारीसाठी तोच घ्या.

काडतुसांबद्दल लेखात लिहिलं होतं, तरी पुन्हा सांगतो. एकाच रायफलीत एका कंपनीची गोळी ५० यार्डांवर पाऊण इंचात गोळा होते आणि दुसरीची दोन इंचांत पसरते. तीन-चार प्रकारांची एकेक पेटी आणा, जो प्रकार जमेल त्याच लॉटची पाचशेची ब्रिक घ्या, आणि झिरो त्याच गोळीवर करा. नळी लख्ख घासली असेल तर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या इकडेतिकडे जातात, त्यामुळे आदल्या रात्री नळीला हात लावू नका. ऑटोलोडर (पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल) असेल तर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, मात्र साफ हवाच. मेण आणि काजळी मिसळून तिथे चिकट लगदा होतो, थंडीत तो घट्ट होतो आणि पिन काडतुसाच्या कडेवर अर्धवट आपटते.

वर झाडात मारताना आणखी एक गोष्ट होते. चढ्या कोनात गोळी सपाट अंतरापेक्षा कमी पडते, म्हणून नेमाच्या वर लागते. ३० यार्डांवर ४५ अंशांत पाव इंचापेक्षा थोडी जास्त, ६० अंशांत अर्धा इंच. त्यात ५० च्या झिरोचा तिथला पाव इंच मिळवा, म्हणजे पाऊण इंच झाला. एवढ्यात गोळी टाळूवरून निघून जाते. म्हणून खोडाला खेटून सरळ वर मारण्यापेक्षा पंचवीस-तीस यार्ड मागे सरून, खोडाला पाठ टेकून, कोपर गुडघ्यावर ठेवून मारा. कोन उतरतो आणि हातही स्थिर राहतो. आणि खारीमागे खोड किंवा जाड फांदी नसेल तर मारूच नका. काडतुसांच्या पेटीवर दीड मैलाचा इशारा उगाच छापलेला नसतो. पानं गच्च असतील आणि मागे आभाळच दिसत असेल तर शॉटगन बरी: २० गेजमध्ये सहा नंबरचे छर्रे, मॉडिफाइड चोक (नळीचं तोंड मध्यम आवळलेलं), ३५ यार्डांच्या आत.

रानात शोधायचं काय, हे तुम्ही कोलंबस शहरातल्या अंगणातल्या खारी बघून म्हणता आहात. त्या माणसाच्या पायात घोटाळतात. ओहायोतल्याच वेन नॅशनल फॉरेस्ट या जंगलातली खार पान वाजलं की खोडामागे जाते आणि तुम्ही फिराल तशी तीही पलीकडून फिरते. तिला गाठायचं तर ती या आठवड्यात काय खाते ते ठाऊक हवं. ऑगस्टच्या शेवटापासून ती शॅगबार्क हिकरी या झाडावर असते. हिकरी ओळखायला सोपी, सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत असतात. खाली पाहा: हिरव्या टरफलाचे कुरतडलेले तुकडे पडलेले असतील. एक उचलून कडेवर बोट फिरवा. कड फिकट, ओलसर असेल आणि दातांच्या खाचा स्पष्ट असतील तर खार आज सकाळीच येऊन गेली. कड तपकिरी पडली असेल तर तुकडा जुना. असे ताजे तुकडे ज्या तीन-चार झाडांखाली सापडतील ती नकाशावर टिपून ठेवा, कारण एका झाडाची फळं आठवड्यात संपू शकतात. पुढे व्हाइट ओक. त्याचं फळ शरदातच मोड काढतं, म्हणून खारी ते पुरण्याआधी अंकुर कुरतडून टाकतात किंवा तिथेच खातात. रेड ओकचं फळ वसंतापर्यंत टिकतं, ते पुरून ठेवतात. ज्या वर्षी व्हाइट ओकला फळ धरत नाही त्या वर्षी गेल्या वर्षीची जागा कामाची राहत नाही, आणि तुमच्यासारखे अनुभवी लोकही ‘यंदा खारीच नाहीत’ म्हणत घरी येतात.

उजाडायच्या आत तिथे जाऊन बसायचं. वारा सुटला की उठा, त्या गदारोळात काही ऐकू येत नाही आणि खारीही ढोलीबाहेर फारशा येत नाहीत. एक पडली तरी लगेच उचलायला धावू नका. कुठे पडली ते एखाद्या खुणेने लक्षात ठेवा आणि बसून राहा. वीसेक मिनिटांत दुसरी हलू लागते.

अळ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात बॉटफ्लाय या माशीची अळी खारीच्या कातडीखाली वाढते, वर गाठ येते आणि गाठीला श्वासाचं भोक असतं. दिसायला किळसवाणं खरंच. पण ती कातडी आणि मांस यांच्यामध्ये राहते, मांसात शिरत नाही, आणि ते शिजवून खाल्ल्याने माणसाला काही होत नाही. कातडं काढलं की बहुतेक अळी त्याच्याबरोबरच येते; आसपासचा लालसर भाग कापून टाकायचा. टाकून द्यायची ती वेगळी खार: केस झडलेली, अंगभर खरूज, हाडं लागलेली, किंवा माणूस पाहूनही न पळणारी. ज्याला बघवत नाही त्याने ऑक्टोबरपर्यंत थांबावं, तोवर अळ्या जमिनीत गेलेल्या असतात. पण ‘खाऊच नये’ हे चूक.

सप्टेंबरात अळीपेक्षा जास्त मांस वाया जातं ते उन्हामुळे. हवा २५-३० अंशांवर असते. खार तासाभरात सोलून, आतडी काढून, पिशवीत घालून बर्फावर गेली पाहिजे. सोलण्याआधी तिला पाण्यात पूर्ण बुडवा, नाहीतर सगळे केस मांसाला चिकटतात आणि मग कितीही धुवा, निघत नाहीत. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने हाड कापायचं, पाठीवरचं कातडं तसंच ठेवायचं, पाठीवर बोटभर सोलून शेपटीवर पाय द्यायचा आणि मागचे पाय धरून वर ओढायचं. सदरा उतरावा तसं पुढचं कातडं येतं. उरलेलं मागच्या पायांवरून ओढून काढा. हातमोजे घालाच, टुलारेमिया या जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगाचा धोका थोडा असला तरी आहे. तरुण खारीचा कान सहज फाटतो. ती तव्यावर परतून होते. जून खार कुकरमध्येच घाला, गावरान कोंबडीला द्याल तेवढ्या शिट्ट्या द्या, नाहीतर चावता चावता जबडा दुखेल.

राहिला एच-१बीचा मुद्दा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे, इथवर तुमचं बरोबर. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना असेल तर बंदी लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ती मुळातच लागू नाही. ओहायोत पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, किंवा अनुभवी माणसाबरोबर जायचं तर अप्रेंटिस परवाना मिळतो. म्हणून एच-१बीवाल्याने क्रम पाळायचा: आधी परवाना, मग रायफल, मग काडतुसं. मित्राची रायफल रेंजवर चालवून बघायची असेल तरी परवाना आधी. आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, रायफल कपाटात कुलूपबंद असली तरी. तेव्हा नूतनीकरणाची तारीख हंगामाच्या तारखेबरोबरच कॅलेंडरवर टाका, आणि व्हिसाचं काम चालू असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.