सामोअन आठवडा म्हणजे देखावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: न्यूझीलंडच्या किंडीत (बालवाडीत) मेअखेरीस सामोअन भाषेचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांच्या भाषेचा, आठवडा पाळतात, आठवडाभर 'तालोफा' (नमस्कार) म्हणतात, मुलांच्या गळ्यात कागदी माळा घालतात आणि जून लागला की सगळं विसरतात. हा नुसता देखावा. शिवाय घरचं मराठीच निसटत चाललंय, तिथे तीन वर्षांच्या पोराला सामोअन कशाला?

माळा आणि फोटो एवढंच होत असेल, तर देखावा हा शब्द मला मान्य आहे. पण म्हणून आठवडाच नको, हे मान्य नाही. लहान मुलांची भाषा कार्यक्रमात रुजत नाही, रोजच्या कामात रुजते. म्हणून आठवड्यात चार-पाचच शब्द घ्यावेत, पण ते वर्षभर त्याच जागी वापरायचे. जेवणाआधी 'फुफुलु लिमा' (हात धुवा), गोलात बसताना 'नोफो इ लालो' (खाली बसा), काही मिळालं की 'फा'आफेताई' (धन्यवाद). लिमा म्हणजे हात आणि लिमा म्हणजेच पाच, त्यामुळे बोटं मोजताना तोच शब्द पुन्हा भेटतो: तासी, लुआ, तोलु, फा, लिमा.

'तुलोउ' (माफ करा) मात्र अजिबात सोडू नका. बसलेल्या माणसांसमोरून जाताना कमरेत वाकायचं आणि हा शब्द म्हणायचा. बसलेल्याला ओलांडू नये, हे आपल्याकडेही आजी सांगतेच, त्यामुळे मराठी मुलांना हे पटकन कळतं. फसतं कुठे? शिक्षिका मुलांना शिकवते आणि स्वतः मात्र फळांची ताटली घेऊन ताठ निघून जाते. मुलं ऐकलेलं नाही, पाहिलेलं उचलतात.

उच्चार चुकतील म्हणून बोलूच नये, असंही तुम्ही लिहिलंय. चुकतात हे खरं, पण ते सुधारता येतात. रोमन g पाहून सगळे 'गागाना' (भाषा) म्हणतात. तो उच्चार आहे ङाङाना. आपल्या वर्णमालेत असूनही 'वाङ्मय'सारख्या शब्दाखेरीज क्वचितच भेटणारा हा ङ. 'रंग' म्हणा, शेवटचा ग सुटायच्या आत थांबा, जीभ तिथेच ठेवा आणि तिथून 'आ' काढा. शब्दात मध्ये दिसणारं उलटं स्वल्पविरामासारखं चिन्ह, कोमा लिलिउ, म्हणजे घसा क्षणभर बंद होणं. नको म्हणताना आपण 'अं-अं' करतो, तेव्हा मध्ये जे अडतं तेच. स्वराची लांबीही अर्थ बदलते: tama म्हणजे मुलगा, शेवटचा स्वर दीर्घ केला (tamā) की वडील. ऱ्हस्व-दीर्घावर वाढलेल्या आपल्या लोकांनी तरी भिंतीवरच्या तक्त्यावर रोमन अक्षरावरची, दीर्घ स्वर दाखवणारी आडवी रेघ गाळू नये. आणि एखादं सामोअन मूल त ऐवजी क म्हणालं, तर त्याला सुधारू नका. घरच्या बोलीत तसंच बोलतात, वर्गात आणि चर्चमध्ये त.

आता हातानं करायचं काम. चटई विणणं (लालाङा) सगळीकडे घेतात आणि बहुतेकदा फसतं, कारण पट्ट्या एक सेंटिमीटरच्या कापतात. त्या फाटतात आणि मूल रडकुंडीला येतं. ए-थ्री आकाराचा जाड कार्डशीट मधोमध दुमडा. दुमडीकडून कडेकडे तीन-तीन सेंटिमीटर अंतरानं कापा आणि कडेला तीन सेंटिमीटर न कापता सोडा. आडव्या पट्ट्याही तीन सेंटिमीटरच्याच, पण वेगळ्या ठळक रंगाच्या, म्हणजे चुकलेलं घर मुलाला स्वतःच दिसतं. प्रत्येक पट्टी वर सरकवून घट्ट बसवल्याशिवाय पुढची देऊ नका. शक्य असेल तर केवड्याच्या जातीच्या पानांची खरी चटई, फाला, वर्गात अंथरा, बूट काढून बसू द्या.

पण 'इए तोङा', म्हणजे लग्नात-मयतात दिली जाणारी अतिशय बारीक विणीची चटई, नाटकातलं सामान म्हणून आणू नये. तिच्या विणकामाचा समावेश युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केला आहे. तसंच मुलांच्या मांड्यांवर मार्करने गोंदणाची नक्षी काढणंही टाळाच. पुरुषांचा पे'आ आणि स्त्रियांचा मालु यांना विधी आहे, मान आहे. नक्षीच हवी तर सिआपोची, झाडाच्या सालीच्या कापडावरची, कागदावर छापा.

सासा हा बसून करायचा नाच तीन-चार वर्षांच्या मुलांना छान जमतो. मांडी घालून रांगेत बसायचं. पाती म्हणजे सपाट तळव्यांची टाळी, पो म्हणजे खोलगट तळव्यांची. चार पाती, चार पो, मग वल्हं मारायची एकच हालचाल. रेकॉर्डिंग लावू नका, त्याची गती मुलांना झेपत नाही. डबा उलटा करून दोन काठ्यांनी ठेका धरा, मुलांना जमलं की गती वाढवा.

राहिला मराठीचा प्रश्न. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, भाषेचं पहिलं बालकेंद्र, 'कोहांगा रेओ', सुरू झालं, पाठोपाठ सामोअन कुटुंबांनी 'आओङा आमाता' ही बालकेंद्रं उभी केली. भाषा निसटतेय ही तुमचीच काळजी त्यांना होती. एका घरभाषेला मान देणाऱ्या किंडीकडे दुसरी घेऊन जाणं सोपं असतं. दहा मराठी शब्द निवडा, ते कुठे वापरायचे तेही लिहा: हात धू, बस, ये, पाणी. सोबत तुमच्या आवाजात रेकॉर्डिंग द्या, कारण नुसत्या रोमन लिपीतल्या 'पाणी'चं हमखास 'पानी' होतं.