बॉनेटला कुलूप? छे, पाहुणे काय म्हणतील!

जुनी जीप घेतलीत? अभिनंदन. आता एक पथ्य पाळा, बॉनेटला कुलूप लावू नका. दोन बाजूंचे दोन क्लॅम्प बाहेर दिलेत ते काय उगाच? 1941 च्या विलीज जीपपासूनची ही सोय आहे. लढाईत किल्ल्या शोधत कोण बसणार! आपल्या पार्किंगमध्ये लढाई नाही, पण घाईत असलेली माणसं असतात. त्यांचा विचार आपण नाही करायचा तर कोणी?

गेल्या रविवारी पहाटे पाचला ताम्हिणीला निघालो होतो. थर्मास भरलेला, पोरं मागे बसलेली. किल्ली फिरवली, टक नाही की टुक नाही. बॉनेट उचललं तर बॅटरी गायब, रिकामा ट्रे आणि त्यात पिंपळाचं एक वाळकं पान. चोर मात्र संस्कारी. निगेटिव्हचा नट दहा नंबरच्या पान्याने सोडवून वायपरपाशी नीट ठेवलेला. पॉझिटिव्हला बहुधा कंटाळला, वायरच कापली. जाताना क्लॅम्प लावून गेला. आमच्या घरात इतकी शिस्त कुणाला नाही.

सीसीटीव्ही जरूर बसवा. आमच्याकडे सहा आहेत. पार्किंगचा कॅमेरा चेअरमनसाहेबांच्या कुंड्यांवर रोखलेला आहे.

वॉचमनला काही विचारू नका, झोपमोड होते.

चौकीत जा, पण नम्रपणे. ‘गहाळ झाली असं लिहून द्या’ म्हणतील. द्या लिहून. सतरा-अठरा किलोची वस्तू, राहिली असेल रिक्षात! आणि हट्टाने चोरीच लिहायला लावलीत, तरी चोराची काळजी नको. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या 303 व्या कलमात सोय आहे: माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झालेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. झाडेल बिचारा आमचंच पार्किंग. तेवढ्यात बाकीच्या गाड्याही बघून ठेवेल.

विमा आहे ना? मग काय, मजाच! नवी बॅटरी साडेसहा हजारांची. बॅटरीवर घसारा पन्नास टक्के, राहिले सव्वातीन. इंजिन 1500 सीसीच्या वर, म्हणून सक्तीचे दोन हजार आपल्या खिशातून. हातात साडेबाराशे. त्यासाठी सर्व्हेअरची वाट बघा, फॉर्म भरा, फोटो काढा (कशाचे? ट्रेचे, पानासकट) आणि वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस सोडा. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणतो, जुनी बॅटरी द्या, किंमत कमी करतो. अहो, जुनी असती तर मी इथे कशाला आलो असतो? ‘मग हजार जास्त पडतील साहेब.’ म्हणजे चोरी झाल्याचा दंडही मीच भरायचा! आणि माझी ती जुनी बॅटरी त्याच वेळी कुठल्यातरी भंगारच्या काट्यावर शिशाच्या भावाने मोजली जात असणार. काट्यावर बिल कुणी मागत नाही. का मागेल?

तोवर तुम्ही जीप सजवा. एलईडी बार लावा, विंच लावा, कधी नदीत घालणार नसलात तरी स्नॉर्कल लावा. लाखभर खर्च झाला की दमून बसा. क्लॅम्पवर पट्टी वेल्ड करून दोन कुलपं घालायला हजाराच्या आत पैसे लागतात, तेवढे मात्र वाचवा. फारच वाटलं तर एकाच बाजूला घाला. दुसऱ्या बाजूने पत्रा वाकवून हात जातो, म्हणजे कुणाचाच हिरमोड नाही.

काल आमच्याच जीपवाल्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं, ‘सेकंडहँड बॅटरी मिळेल का स्वस्तात? बिल नसलं तरी चालेल.’ त्याला तीन जणांनी नंबर पाठवले, दोघांनी शाबासकीचे अंगठे टाकले. आणि हे तेच, ज्यांनी रविवारी माझ्या रिकाम्या ट्रेच्या फोटोखाली रडके चेहरे टाकले होते.

आता थट्टा पुरे. लाज वाटत नाही का रे? दोन हजार वाचतात म्हणून बिनबिलाची बॅटरी घेता, आणि ती कुठून आली हे तुम्हाला ठाऊक नसतं असं नाही. पहाटे दहा नंबरचा पाना घेऊन जो आमच्या पार्किंगमध्ये उतरला, त्याची मजुरी तुम्ही देता. मी दोन्ही बाजूंना कुलपं घातलीत. ग्रुपही सोडलाय. नंबर पाठवणाऱ्या तिघांनी मला फोन करू नये.