भुतांची वर्गणी

आमच्या घरी दर महिन्याला क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचं जाहीर वाचन होतं. वाचन बायको करते, श्रवण मी करतो. वीज, गॅस, इंटरनेट, गाडीचा विमा इथपर्यंत तिचा आवाज सपाट असतो. 'शडर' आलं की ती चष्मा काढते. "हे अजून चालू आहे?"

शडर ही इथे अमेरिकेत मिळणारी, फक्त भयपटांना वाहिलेली ओटीटी. एएमसी या टीव्ही कंपनीची. २०१६ मध्ये रीतसर सुरू झाली तेव्हा महिन्याला ४.९९ डॉलर घ्यायची, पुढे जगरहाटीप्रमाणे भाव चढत गेला. तिच्यावर प्रेमकथा नाहीत, पाककृती नाहीत, बालविभाग तर नाहीच नाही. अ‍ॅप उघडलं की भुतं, खुनी, झोंबी, शापित बाहुल्या, आणि तोंडी लावायला एखादा माहितीपट, तोही भयपटांवरच. प्रेक्षक सिनेमाला तारे देत नाहीत, कवट्या देतात. पाच कवट्या मिळाल्या म्हणजे सिनेमा उत्तम. हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा तिने आमच्या दाराला अडकवलेल्या लिंबू-मिरच्यांकडे एकदा बघून घेतलं.

तिचा प्रश्न साधा आहे. महिन्याचे पैसे भागिले घाबरण्याचे प्रसंग, बरोबर दर घाबरगुंडीला किती? ती अकाउंट्समध्ये आहे, तिला हे असं सुचतं. आणि उत्तर माझ्या बाजूने येत नाही, कारण न्यू जर्सीतल्या मध्यमवर्गीय मराठी घरात भयपट नीट बघणं हीच मुळात तारेवरची कसरत आहे.

लेक जागी असताना लावता येत नाही. ती झोपली की आवाज मोठा करता येत नाही. आता भयपटाची रचना बघा. वीस मिनिटं सगळे एकमेकांच्या कानात बोलतात आणि मग एकदम ढोल, शंख, किंकाळी आणि कपाट पडल्याचा आवाज, असं सगळं एकाच सेकंदात. कुजबुज ऐकायची तर आवाज तिसापर्यंत न्यावा लागतो, आणि किंकाळी तिसावर निघाली तर लेकच काय, शेजारचे पटेलही उठतील. म्हणून माझा अंगठा सिनेमाभर रिमोटवर असतो. व्हायोलिन बारीक कापऱ्या आवाजात वाजायला लागलं की मी भराभर आवाज उतरवतो. पंचवीस, अठरा, नऊ. मग पडद्यावर ती केस मोकळे सोडलेली बाई छतावरून उलटी लोंबकळते आणि नऊच्या आवाजात, घसा बसल्यासारखी किंचाळते. मी घाबरत नाही. वेळेत बटण दाबलं याचं समाधान तेवढं मिळतं. शेवटी आवाज पूर्ण बंद करून सबटायटल्स लावायची वेळ येते. खाली 'अशुभ संगीत वाढत जाते' अशी पाटी येते, की मी ते संगीत मनातल्या मनात वाढवत नेतो.

बायको बरोबर बसत नाही असं नाही. पण तिची पद्धत वेगळी. आधी विकिपीडियावर शेवटापर्यंतची कथा वाचते. मग 'डझ द डॉग डाय' नावाची एक वेबसाइट आहे, तिथे सिनेमात कुत्रा मरतो का ते बघते. अशी वेबसाइट खरोखरच आहे, लोक तिथे मनापासून नोंदी करतात. माणसं किती मरतात याची बायकोला फिकीर नाही. सात कॉलेजकुमार तलावाकाठी गेले आणि एकही परतला नाही, तरी ती खुशाल मक्याचा चिवडा खात असते. पण कुत्रा गेला तर रिमोट जप्त. एवढी तयारी करून ती सोफ्यावर बसते आणि दर दहा मिनिटांनी सांगते, "आता तो तळघरात जाणार. आणि ती दाढीवाली व्यक्ती आहे ना, तीच खुनी."

उन्हाळ्यात आई येते, ती आणखी निराळी. तिचं माहेर राजापूरकडचं, आणि तिकडे भुतांचा कारभार चोख असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानातल्या वाटेवर, देवचार गावाच्या हद्दीवर. ज्याचं त्याचं क्षेत्र ठरलेलं आणि मागणीही ठरलेली. कुणाला नारळ, कुणाला दहीभात, कुणाला कोंबडा. दिलं की फाइल बंद. त्यामुळे अमेरिकन भूत पडद्यावर भांडी फेकायला लागलं की आई विचारते, "मुळात हिला हवंय काय? कुणी विचारलंय का तिला?" मी म्हणतो, अगं, तिचा पूर्वी त्या घरात खून झाला होता. "मग वर्षश्राद्ध तरी करायचं! एवढी खोल्यांची माडी बांधलीय, भटजीला बोलावत नाहीत." यानंतर तिला झोप लागते. सिनेमातल्या सर्वांत शांत क्षणी, भुताची सावली दारातून आत येत असताना, ती जी घोरते, तेवढं मात्र मला खरोखर दचकवतं. त्याचे पैसे शडरकडे जाऊ नयेत असं बायकोचं म्हणणं आहे.

आईचा मुद्दा तसा बिनतोड आहे. आपल्याकडे भूत घराबाहेर राहतं, इथे ते घराबरोबरच येतं. हडसन नदीकाठी नायॅक नावाचं गाव आहे. तिथल्या एका बाईंनी आपल्या घरात भुतं आहेत हे मासिकातून आणि वर्तमानपत्रातून आधीच जाहीर केलेलं होतं. पण घर विकताना न्यूयॉर्क शहरातल्या गिऱ्हाइकाला सांगायचं तेवढं राहिलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९१ मध्ये अपिलाच्या कोर्टाने म्हटलं की कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलंच आहे. गिऱ्हाइकाला सौदा मोडायची वाट मिळाली. त्यात ही सगळी घरं लाकडाची. थंडीत लाकूड आकसतं, मध्यरात्री जिना आपोआप करकरतो, तळघरातली घर तापवायची भट्टी धडधडून पेटते. इथल्या लोकांना भयपट का सुचतात, ते पहिल्या हिवाळ्यातच कळतं.

आता शडरची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी फितूर ठरेन. मोठ्या ओटीटींवर भयपट असतातच, पण ते गोदामात टाकल्यासारखे. इथे कुणीतरी निवडून ठेवलेत हे जाणवतं. अर्जेंटिना, इंडोनेशिया, कोरिया, जिथे तिथे लोक कशाला भितात ते घरबसल्या कळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यांनी 'होस्ट' नावाचा तासाभराच्या आतला सिनेमा आणला. काही मित्रमैत्रिणी झूमवर प्लँचेट करतात आणि भूत कॉलमध्ये घुसतं. नटमंडळी आपापल्या घरात, दिग्दर्शक त्याच्या घरात, असं करून तो काढला होता. हा एकच सिनेमा बायकोने विकिपीडिया न बघता पूर्ण पाहिला, कारण त्या वर्षी झूम कॉलची धास्ती तिला भुतापेक्षा जास्त होती.

आणि मग 'जो बॉब ब्रिग्ज' नावाचा निवेदक आहे. टेक्सासी टोपीचा हा बाबा सिनेमा मध्येच थांबवतो आणि तो कसा, कुठे, किती पैशांत काढला ते सांगत बसतो. सुरुवातीलाच किती मुडदे पडणार, किती मुंडकी उडणार याची यादी वाचतो, वाण्याकडची चिठ्ठी वाचावी तशी. २०१८ च्या जुलैत त्याने शडरवर सलग २४ तासांचा कार्यक्रम ठेवला, तर बघणारे इतके लोटले की यंत्रणाच कोलमडली. या माणसासाठी मी पैसे देतो असं म्हटलं तरी चालेल. बारा वाजता, घर गाढ झोपलेलं असताना, कुणीतरी आपल्याबरोबर सिनेमा बघतंय असं वाटतं, आणि तो कुत्र्याची चौकशी करत नाही.

फुकटची सोयही आहे म्हणा. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांचं कार्ड असलं की कॅनोपी या ओटीटीवर चांगले जुने भयपट मिळतात. टुबीवर तर ढीग आहे, पण मधे जाहिराती. पाद्री क्रूस उंचावून पिशाचावर ओरडतो, आणि लगेच हसतमुख बाई विचारते की तुमच्या गाडीचा विमा महाग पडतोय का. पिशाच निघून जातं की नाही माहीत नाही, आपला मूड मात्र नक्की जातो.

तेव्हा माझं मत असं. ऑक्टोबरात शडर घेऊ नये. हॅलोविनमुळे त्या महिन्यात झाडून सगळे भयपट लावतात, लग्नसराईत पेढे विकत आणून खावेत असं ते होईल. घ्यायची तर जानेवारीत. पाच-साडेपाचलाच अंधार, बाहेर बर्फ, आई मुंबईत, लेक दमून लवकर झोपलेली. मार्च संपला की बंद करायची. बायकोने हा ठराव मंजूर केला आणि बंद करायची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली.

बंद करताना अशा सगळ्याच सेवा कारण विचारतात. महाग वाटतं, बघायला फार काही नाही, वेळ मिळत नाही. घरात बरोबर घाबरायला कुणी तयार नाही, असा पर्याय अजून कुणीच ठेवलेला नाही. मी 'इतर'वर टिक करतो.