‘खानदेशात हायब्रिड चालत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर असलेली गाडी. तिच्याबद्दल सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: “हायब्रिडच्या नादी लागू नका. 28 चं ॲव्हरेज कागदावर, हायवेला ती पेट्रोल गाडीइतकंच पिते. आपल्या 45 डिग्रीत बॅटरी दोन वर्षांत बसते. गावाकडे चार्जिंगची सोय नाही. बंद पडली तर ढकलूनही चालू होत नाही.”

चार्जिंगचं आधी उरकू. हायरायडर, ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस, सिटी हायब्रिड, यांपैकी एकीलाही चार्जिंगचा प्लगच नसतो. बॅटरी इंजिन भरतं, आणि ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती भरते. विषय संपला.

ॲव्हरेजचं मात्र नीट बघायला हवं. आधी विचारा, कोणती हायब्रिड? ग्रँड विटाराच्या ‘स्मार्ट हायब्रिड’मध्ये आणि हायरायडरच्या ‘निओड्राइव्ह’मध्ये 12 व्होल्टची छोटी मदतनीस मोटर असते; ती एकटी गाडी हलवू शकत नाही. ती माइल्ड हायब्रिड. ‘हायब्रिड घेतली, 15 च देते’ म्हणणारे बरेच जण हीच गाडी चालवत असतात. याच दोन गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा, म्हणजे जिची मोटर एकटीही गाडी चालवू शकते तिचा, एआरएआयचा (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा) आकडा 27.97 आहे. तो रोलरवर, एसी बंद ठेवून, जास्तीत जास्त 90 च्या वेगाने काढलेला. मे महिन्यात भुसावळला एसी चारवर ठेवून तो मिळणार नाही, हे उघड आहे.

प्रत्यक्षात स्ट्राँग हायब्रिड शहरात साधारण 22 ते 25 देते, 80 च्या संथ चालीला तेवढंच, आणि 100-110 ला 18 ते 20. हायवेला फायदा घटतो हे मेसेजमधलं बरोबर आहे. एकसारख्या वेगात ब्रेक लागत नाही, म्हणून परत मिळवायला काही नसतं. वर 100 च्या पुढे वाऱ्याचा रोध झपाट्याने वाढतो. पण ‘इतकंच पिते’ हे चूक. तशीच पेट्रोल गाडी तिथे 16-17 देते आणि शहरात 13-14 वर येते.

आता पैसे. पेट्रोल 105 रुपये आणि किमतीतला फरक अडीच लाख धरा. मुख्यतः शहरातल्या मिश्र वापरात 14 विरुद्ध 22, म्हणजे किलोमीटरला 2.73 रुपये वाचतात आणि फरक सुमारे 92,000 किलोमीटरला फिटतो. रोज जळगाव-धुळे हायवेच करत असाल तर 17 विरुद्ध 20: बचत 93 पैसे, वसुली पावणेतीन लाख किलोमीटरला. वर्षाला 8,000 किलोमीटर फिरणाऱ्याने पैसे वाचवायला म्हणून ही गाडी घेऊच नये. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर वाद नव्हता.

ॲव्हरेज मोजायचं ते टाकी ते टाकी. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप शून्य करा, किमान 400 किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तसंच भरा. स्क्रीनवरचा आकडा बहुतेकदा थोडा खुशामतीच असतो.

उन्हाचं काय? हायरायडरची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, 0.76. गाडी तिला कधी पूर्ण भरत नाही, कधी रिकामी करत नाही; म्हणून ती टिकते. टोयोटा, मारुती, होंडा तिन्हींची या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी आहे. खरा धोका हवेच्या जाळीचा. बॅटरीचा पंखा केबिनमधली थंड हवा ओढतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत त्या जाळीवर धूळ आणि रुईचा थर बसतो, किंवा कुणीतरी तिच्यापुढे पिशव्या रचून ठेवतं. मग पंखा मोठ्याने घरघरतो, बॅटरी तापू नये म्हणून गाडी मोटर कमी वापरते, इंजिन जास्त चालतं, ॲव्हरेज घसरतं आणि शेवटी डॅशबोर्डवर इशारा येतो. दर सर्व्हिसला जाळी काढून साफ करायला सांगा, जॉबकार्डवर लिहून घ्या. जाळीची जागा मॉडेलनुसार बदलते, हँडबुकात बघा. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या भागाच्या) कूलंटमध्ये बोअरचं पाणी टाकू नका, क्षार साचतात. नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या केबलच्या आसपास हॉर्न-लाइटवाल्याला हात लावू देऊ नका.

कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना बॅटरी मध्येच ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरते आणि नुसत्या ब्रेकवर भार येतो. तिथे लिव्हर ‘बी’वर घ्या, इंजिन गाडी धरतं.

ढकलून चालू होत नाही, हे खरं. पण ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीही होत नाही. टोयोटा-मारुतीच्या या गाड्यांत वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नसतो, पट्टा किंवा क्लचवाला गिअरबॉक्सही नाही; म्हणजे बिघडणारे चार भाग कमीच. गाडी अडते ती बहुधा साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीमुळे. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निघायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा लागत नाही. हँडबुकातल्या जागी जंपर लावा, गाडी उठते. उलट तुमच्या हायब्रिडवरून ट्रॅक्टर किंवा पिकअप उठवायला जाऊ नका, फ्यूज उडू शकतो. गाडी उभीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास ‘रेडी’त ठेवा, मोकळ्या हवेत. आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका: पुढची चाकं फिरली की आतली मोटर वीज तयार करते आणि नुकसान होतं. पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर गाडी सपाट ट्रॉलीवर चढवा.